कॉपिसिंग आणि हेज लेइंग: ब्रिटनमध्ये पहिल्यांदा कोयता हातात घेणाऱ्यांसाठी

हेझलचं झाड जमिनीलगत तोडलं तर मरत नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच खुंटातून डझनावारी सरळसोट धुमारे वर येतात. उसाचा खोडवा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कॉपिसिंग म्हणजे एवढंच: ठरावीक वर्षांनी तोडायचं, फुटू द्यायचं, पुन्हा तोडायचं. हेज लेइंग हे त्याचंच भावंड. शेताच्या बांधावरची हॉथॉर्नची जिवंत कुंपणरांग बुडाशी विरळ झाली, की तिची खोडं जवळजवळ पूर्ण कापायची, सालीच्या एका पातळ पट्टीवर जिवंत ठेवायची आणि आडवी टाकायची.

ही कामं हौशी लोकांनी अलीकडे शोधून काढलेली नाहीत. सॉमरसेटच्या दलदलीत सापडलेली ‘स्वीट ट्रॅक’ ही लाकडी पायवाट इसवीसनपूर्व ३८०७ च्या सुमाराची आहे आणि तिच्यात कॉपिस केलेल्या झाडांच्या काठ्या आहेत. सफकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये १२५२ पासून ही तोड चालू असल्याच्या नोंदी मिळतात.

घरामागे जुनं हेज असलेलं घर घेतलंय, रानाचा तुकडा भागीत घेतलाय किंवा रविवारच्या स्वयंसेवक गटात नाव घातलंय, अशांसाठी हा लेख आहे. नवख्यांच्या चुका बहुतेक भित्रेपणातून होतात. झाडाला इजा नको म्हणून उंच कापायचं, अर्धवट कापायचं, चार खोडं दयेपोटी सोडून द्यायची. या कामात दया दाखवली की झाड बिघडतं. जपायचा असतो तो बुंधा, वरची काठी नव्हे.

१. समोर काय आहे ते आधी ओळखा

सगळी झाडं खुंटातून फुटत नाहीत. हेझल, ॲश, स्वीट चेस्टनट, ओक, अल्डर, विलो, हॉर्नबीम, फील्ड मेपल आणि लाइम (लिंबू नव्हे, लिंडेन नावाचा मोठा वृक्ष) खात्रीने फुटतात. बीचचा भरवसा नाही, बर्च वय वाढल्यावर दगा देतो. यू सोडला तर बहुतेक सूचिपर्णी झाडं तोडली की संपली. ब्लॅकथॉर्न आणि ॲस्पन मुळांवरून पिलं काढतात, त्यामुळे तोडल्यावर ते मूळ जागा सोडून आजूबाजूला पसरतात.

पानं गळाल्यावर झाड ओळखायला शिका, कारण काम हिवाळ्यातच असतं. ॲशच्या कळ्या काळ्याकुट्ट आणि समोरासमोर असतात. हेझलची साल तपकिरी, किंचित चकचकीत आणि जानेवारीपासून तिच्यावर पिवळे तुरे लोंबायला लागतात. हॉथॉर्नचे काटे आखूड, कळ्या तांबूस. ब्लॅकथॉर्नची साल काळपट आणि काटे लांब. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग खुंटांचं वय बघा. हेझल ७ ते १० वर्षांनी, स्वीट चेस्टनट १२ ते २० वर्षांनी आणि ॲश १५ ते २५ वर्षांनी तोडतात. पन्नास वर्षं कुणी हातच लावला नसेल तर खुंट थकलेला असतो. तो फुटेलही, नाहीही. असं रान मिळालं तर पहिल्या हिवाळ्यात मोजके खुंट तोडून पुढच्या जूनपर्यंत थांबा. फुटवे जोमदार आले तर पुढची तोड करा. उलट, वेळेवर तोडलेला खुंट अफाट जगतो: ग्लॉस्टरशरमधल्या वेस्टनबर्टला कॉपिस केलेला एक लाइम आहे, त्याचं वय दोन हजार वर्षांपर्यंत असावं असा अंदाज आहे.

२. कागद आणि तारखा

खाली दिलेले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये व्यवस्था वेगळी आहे, तिथे स्थानिक वन खात्याकडे चौकशी करा.

हाताशी असू द्या:

- जमिनीच्या मालकीचा उतारा आणि नकाशा (लँड रजिस्ट्रीचा), किंवा मालकाची लेखी परवानगी
- काउन्सिलच्या संकेतस्थळावर ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर (झाड तोडायला मनाई करणारा काउन्सिलचा आदेश) आणि कॉन्झर्व्हेशन एरिया (जुनं स्वरूप जपण्यासाठी राखलेला भाग) तपासल्याची नोंद
- जागा एसएसएसआयमध्ये (विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या संरक्षित जागांमध्ये) येत असेल तर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेची संमती
- लागत असेल तर फॉरेस्ट्री कमिशनचा (सरकारी वन खात्याचा) तोड परवाना
- गटाने किंवा मोबदला घेऊन काम करत असाल तर पब्लिक लायबिलिटी विमा (आपल्या कामामुळे इतरांना इजा किंवा नुकसान झालं तर)

तोड परवान्याबाबत गोंधळ फार आहे. कॉपिसच्या काठ्यांचा व्यास जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर १५ सेंमी किंवा त्याहून कमी असेल तर परवाना लागत नाही. जाड खोडं असतील तर दर तिमाहीत ५ घनमीटरपर्यंत परवान्याशिवाय तोडता येतं, पण त्यातलं २ घनमीटरपेक्षा जास्त विकता येत नाही. तिमाही म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरपासून सुरू होणारी. तुम्ही तोड सुरू केली त्या दिवसापासून मोजलेले तीन महिने नव्हेत. परवाना लागत नाही म्हणजे ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर लागू होत नाही असंही नाही. ती वेगळी तपासायची. कॉन्झर्व्हेशन एरियात १.५ मीटर उंचीवर ७५ मिमीपेक्षा जाड खोड तोडायचं असेल तर सहा आठवडे आधी काउन्सिलला कळवावं लागतं.

हेजसाठी दोन कायदे लक्षात असू द्या. १९९७ च्या नियमांनुसार ग्रामीण भागातलं हेज उपटून काढायचं असेल तर आधी स्थानिक नियोजन विभागाला नोटीस द्यावी लागते. आपण हेज काढत नाही, आडवं टाकतो, तेव्हा त्याची सहसा अडचण येत नाही. पण शेजाऱ्याने घाबरून तक्रार केली तर उत्तर तयार हवं. कारण नुकतं लेइंग झालेलं हेज पाहणाऱ्याला उद्ध्वस्त केल्यासारखंच दिसतं. २०२४ च्या नियमांनुसार शेतजमिनीवरचं हेज १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात छाटता येत नाही. लेइंग आणि कॉपिसिंगला ३० एप्रिलपर्यंत सूट आहे. तरीही मार्चच्या मध्यानंतर हात आखडताच घ्या. पक्षी घरटी बांधू लागतात, आणि वापरातलं घरटं मोडणं १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टखाली गुन्हा आहे, सूट असो वा नसो.

हेज नेमकं कुणाचं, हाही प्रश्न येतो. हेजला लागून जुना चर असेल तर असं गृहीत धरतात, की ज्याने चर खणला त्याने आपल्या हद्दीच्या कडेला खणला, माती आपल्या बाजूला टाकली आणि त्या मातीच्या बांधावर झाडं लावली. म्हणजे हद्द चराच्या पलीकडच्या कडेला. कागदपत्रांत वेगळं लिहिलेलं असेल तर हे गृहीतक गळून पडतं. लँड रजिस्ट्रीच्या नकाशावरची लाल रेघ ढोबळ असते, तिच्यावरून वाद जिंकता येत नाही. शेजाऱ्याशी आधी बोला.

सरकारी अनुदान मिळणार असेल तर करार हातात पडेपर्यंत एकही खोड कापू नका. करार सुरू होण्याआधी केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, आणि यात दरवर्षी लोक फसतात.

हेझल डॉरमाउसचं काय? हा छोटा कृंतक प्राणी कायद्याने संरक्षित आहे आणि हिवाळाभर जमिनीलगत पाचोळ्यात झोपतो. त्याचा वावर आहे का हे खालच्या हेझलनट्सवरून कळतं. उंदराने फोडलेल्या टरफलाच्या भोकाची आतली कड दातांनी खरवडलेली असते. डॉरमाउसने फोडलेल्याची आतली कड गुळगुळीत असते आणि दातांच्या तिरक्या खुणा बाहेरच्या पृष्ठभागावर भोकाभोवती दिसतात. अशी टरफलं सापडली तर काम लहान तुकड्यांत वाटून करायचं, शेजारचे तुकडे फांद्यांनी जोडलेले ठेवायचे आणि आधी स्थानिक वाइल्डलाइफ ट्रस्टचा सल्ला घ्यायचा.

३. अवजारं

- २१ किंवा २४ इंची बो सॉ (कमानीच्या चौकटीची करवत), आणि अडचणीच्या जागेसाठी घडीची करवत
- बिलहुक: वाकड्या पात्याचा जड कोयता. हेजसाठी एका बाजूला वाकडी आणि दुसऱ्या बाजूला सरळ धार असलेला यॉर्कशर पद्धतीचा सोयीचा पडतो
- लांब दांड्याची कातर
- लाकडी मोगरी, मेखा ठोकायला
- धार लावायचा दगड
- पोलादी टोपीचे बूट, डोळ्यांना चष्मा, चामडी हातमोजे
- प्रथमोपचार पेटी, चिमट्यासकट

हातमोजा फक्त काटे धरणाऱ्या हातात घाला. कोयत्याचा हात उघडा ठेवा; चामड्यातून दांडा निसटतो. भोथरा कोयता धारदारपेक्षा धोकादायक, तो लाकडावरून घसरून पायाकडे येतो. दर अर्ध्या तासाने दगड फिरवा.

चेनसॉ पहिल्या हिवाळ्यात घेऊ नका. कामावर चेनसॉ वापरायला प्रशिक्षण लागतं आणि बहुतेक गट प्रमाणपत्राशिवाय हात लावू देत नाहीत. तसंही १५ सेंमीच्या आतलं हेझल बो सॉने पटकन उतरतं.

ब्लॅकथॉर्नचा काटा मोडून आत राहिला तर त्याच दिवशी काढा. तो सांध्याजवळ राहिला तर आठवड्यांनंतरही सांधा सुजतो आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड तपासा. लाइम रोग हा जिवाणूंचा आजार तिच्यातून होतो (लाइमच्या झाडाशी त्याचा संबंध नाही).

४. कूप आखा

एका हिवाळ्यात तोडायचा तुकडा म्हणजे कूप. रान दोन एकर आणि फेरा आठ वर्षांचा असेल तर गणिताने दरवर्षी पाव एकर येतं. पण फार लहान कूप चालत नाही. चहूबाजूंच्या झाडांची सावली पडली की फुटवे लांबुडके आणि लुळे होतात. कूपाची रुंदी भोवतालच्या झाडांच्या उंचीच्या किमान दीडपट ठेवा. पाव हेक्टर ते एक हेक्टर हा माप सांभाळायला बरा. रान लहान असेल तर दरवर्षी तोडण्याऐवजी एक वर्षाआड मोठा कूप तोडा.

मध्ये ठेवलेली मोठी झाडं (यांना स्टँडर्ड म्हणतात, बहुधा ओक) आकाशाचा पाव भाग झाकतील इतकीच असावीत. त्यांच्या छताखाली तीस-चाळीस टक्के सावली झाली की हेझल मागे पडतं. ओक काढायला जीव होत नाही हे खरं, पण मग कॉपिसची अपेक्षा ठेवू नका.

आखणी करताना माल बाहेर काढायची वाट आधी ठरवा. पुढच्या वर्षीचा कूप याच्या शेजारीच घ्या. उजेड आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ब्लूबेल, प्रिमरोज, वुड ॲनिमोनी फुलतात, आणि हीथ फ्रिटिलरीसारखी फुलपाखरं नव्या तोडीमागून सरकत जातात. मधे मोठं अंतर पडलं तर ती पुढच्या उजेडापर्यंत पोहोचत नाहीत.

५. तोड

ऑक्टोबर ते मार्च, पानं गळालेली असताना.

आधी खुंटाभोवतीची ब्रॅम्बल (रानटी ब्लॅकबेरीची काटेरी जाळी) आणि मेलेल्या काटक्या काढा. पाय ठेवायला मोकळी जागा झाल्याशिवाय करवत लावू नका. बाहेरच्या काठ्यांपासून सुरुवात करून आत जा. प्रत्येक काठीला दोन काप द्या: पहिला कमरेच्या खाली, वजन उतरवायला, दुसरा जमिनीलगत, नीट. एकाच कापात खाली कापायला गेलात तर काठी पडताना खुंट चिरतो. कललेली जाड काठी असेल तर कललेल्या बाजूने आधी एक-तृतीयांश काप द्या, मग मागून. नाहीतर ती उभी फाटून छातीवर येते.

शेवटचा काप जमिनीपासून ५ ते १० सेंमीवर, बाहेरच्या बाजूला उतरता. पाणी खुंटाच्या मध्यात न साचता बाहेर वाहून गेलं पाहिजे. जुना खुंट शेवाळलेला आणि फुगलेला असेल तर जुन्या लाकडात घुसू नका. नव्या लाकडाची ५ सेंमी पट्टी ठेवून कापा, डोळे तिथेच असतात.

इथे मोह होतो तो एखादी सुंदर सरळ काठी ठेवायचा. ठेवू नका. ती एकटी सगळं अन्न खेचते, बाकीचे फुटवे खुरटतात, आणि दोन वर्षांत वारा तिला मोडतो. खुंट पूर्ण रिकामा करा. गुडघ्याएवढे उंच खुंट ठेवले तर फुटवे वरून, तुटक्या टोकाजवळून येतात. त्यांना स्वतःची मुळं फुटत नाहीत आणि बर्फाच्या वजनाने ते निखळतात.

एकच अपवाद: दोन खुंटांमध्ये तीन मीटरपेक्षा जास्त मोकळी जागा असेल तर दाबकलम करा. २ ते ४ सेंमी जाडीची लवचिक काठी न तोडता ठेवा. बुडाशी अर्ध्याहून जास्त चीर द्या, वाकवा आणि १०-१५ सेंमी खोल चरात झोपवा. मातीला टेकणारी साल थोडी खरवडा, लाकडी आकड्याने घट्ट दाबा, माती टाका, शेंडा उभा बाहेर ठेवा. आकडा ढिला राहिला तर काठी वर उचलली जाते आणि मुळं धरत नाही. दोनेक वर्षांनी मूळ झाडापासून तोडा.

ॲशबद्दल सावध राहा. ॲश डायबॅक हा बुरशीजन्य रोग ब्रिटनमध्ये २०१२ ला सापडला. रोगट ॲशचं लाकूड ठिसूळ होतं आणि कापताना अचानक मोडतं. वर मेलेल्या फांद्या दिसत असतील तर ते झाड अनुभवी माणसासाठी सोडा.

६. हरणांपासून राखण

तोड हा सोपा भाग. बहुतेक फसलेले कूप तोडीमुळे नव्हे, चरण्यामुळे फसतात. रो, मंटजॅक आणि फॅलो हरणांना कोवळे धुमारे फार आवडतात. एका उन्हाळ्यात सगळे शेंडे खाल्ले गेले तर खुंट पुन्हा फुटतो. दुसऱ्या उन्हाळ्यातही खाल्ले तर तो संपतो, आणि शेकडो वर्षांचा खुंट दोन वर्षांत घालवल्याचं श्रेय तुमच्याकडे येतं.

कूपाभोवती कुंपण हा खात्रीचा उपाय. रो आणि मंटजॅकसाठी दीड मीटर उंच जाळी पुरते, फॅलोसाठी १.८ मीटर. मंटजॅक खालून घुसतं, म्हणून जाळीचा बूड जमिनीला खिळवा. पैसे नसतील तर तोडीच्या काटक्यांची आडवी भिंत घाला: दोन रांगांत मेखा ठोकून मध्ये काटक्या दाबून भरायच्या. ती दरवर्षी खाली बसते, वरून भर घालत राहावं लागतं. खुंटावर थेट काटक्यांचा ढीग टाकायची पद्धतही आहे. त्याने हरणं अडतात खरी, पण धुमारे वाकडेतिकडे होतात. सरळ काठ्या विकायच्या असतील तर टाळा. धुमारे दीड-दोन मीटरच्या वर गेले की धोका टळतो. हेझल पहिल्याच उन्हाळ्यात दीड मीटर चढू शकतं, म्हणून पहिली दोन वर्षं महत्त्वाची.

७. माल लगेच वेगळा करा

ढीग घालून नंतर बघू म्हणालात तर सगळं जळणात जातं. पडल्या पडल्या निवडा:

- मेखा (हेज उभं धरायला): १.७ मीटर लांब, ३ ते ४ सेंमी जाड
- बाइंडर (मेखांभोवती विणायच्या लवचिक काठ्या): अडीच ते साडेतीन मीटर, सडपातळ, गाठी नसलेल्या
- घेवड्याच्या वेलाच्या काठ्या: २.४ मीटर
- वाटाण्याच्या वेलांना आधार द्यायच्या फांद्या: सव्वा-दीड मीटर, पंख्यासारख्या चपट्या
- ५ सेंमीच्या वर उरलेलं: जळण

बाइंडर ओले वापरावे लागतात. वाळले की पीळ घेत नाहीत, मोडतात. इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी जळण विकायचं असेल तर त्यातली ओल २० टक्क्यांच्या आत असल्याचं प्रमाणन लागतं. ताजं लाकूड मोळी बांधून विकता येत नाही.

उरलेला काटक्यांचा कचरा जाळायची घाई नको. जागोजागी जाळलं तर त्या जागी माती भाजते आणि फुलझाडांच्या बिया मरतात. जाळायचंच तर एकच जागा ठरवा.

८. हेज लेइंगला योग्य आहे का

अडीच ते चार मीटर उंच, बुडाशी ५ ते १० सेंमी जाड खोडांचं हेज आदर्श. त्याहून बारीक असेल तर दोन-तीन वर्षं छाटणी थांबवून वाढू द्या. खोडं मनगटाच्या दुप्पट जाड झाली असतील, मध्ये मोठी भगदाडं असतील, तर लेइंगपेक्षा सरळ कॉपिस करून मोकळ्या जागी नवी रोपं लावणं शहाणपणाचं.

देशभरात तीसहून जास्त प्रादेशिक पद्धती आहेत. मिडलँड पद्धतीत काटेरी फांद्या जनावरांच्या बाजूला येतात आणि मेखा खोडांच्या मागे. साउथ ऑफ इंग्लंड पद्धतीत फांद्या दोन्ही बाजूंना असतात, मेखा मधोमध. डेव्हनमध्ये मातीच्या उंच बांधावर खोडं झोपवून आकड्यांनी दाबतात. आपल्या भागात कोणती चालते हे शेजारच्या हेजवरून कळतं. नॅशनल हेजलेइंग सोसायटी १९७८ पासून हे काम करते. तिच्या प्रशिक्षण दिवसाला एकदा जाऊन या, कारण पुढचा काप शब्दांत सांगण्यापेक्षा हाताने दाखवणं सोपं. खाली मिडलँड पद्धत धरली आहे.

लेइंगआधी जुनी तार शोधा. खोडात गिळलेली काटेरी तार पात्याची वाट लावते. एल्डर (वर आलेला अल्डर नव्हे, हे वेगळं झुडूप) मुळासकट काढा. ते झपाट्याने वाढतं, भोवतालचं हॉथॉर्न दाबतं आणि मरून भगदाड ठेवतं. भविष्यात झाड म्हणून वाढवायचा ओक किंवा मेपल असेल तर त्याला रंगीत फीत बांधा, म्हणजे झपाट्यात तोही आडवा होणार नाही.

९. प्लीचरचा काप

आडव्या टाकलेल्या खोडाला प्लीचर म्हणतात. ती चढाच्या दिशेने टाकतात, शेंडा बुडापेक्षा वर राहील अशी. म्हणून काम चढाच्या टोकाकडून सुरू करून उताराकडे येत जा. प्रत्येक खोड आधीच्या झोपवलेल्यावर टेकतं.

८ सेंमी जाडीचं खोड घ्या. ज्या दिशेला पाडायचं त्याच्या उलट बाजूने, जाडीच्या तीन-चार पट उंचीवर, म्हणजे जमिनीपासून २५ ते ३० सेंमीवर कोयता लावा. तिरका, जवळजवळ खोडाला समांतर खाली उतरत जाणारा काप. लाकूड चकत्यांनी निघतं. थोडं कापा, खोड हलकेच ढकलून बघा, अजून थोडं कापा. बरोबर जाडी आली की खोड आपल्याच वजनाने कलायला लागतं आणि हातात किंचित कुरकुर जाणवते. तेव्हा थांबा, डाव्या हाताने शेंड्याकडून आधार देत ते खाली न्या. साधारण ३५ ते ४५ अंशांवर ते थांबावं.

उरलेली पट्टी साल आणि तिच्या लगतचं थोडं ओलं लाकूड एवढीच असते. पाहणाऱ्याला वाटतं हे जगणार कसं. जगतं, कारण अन्नपाणी वाहणारा थर सालीला लागूनच असतो. नवखे इथे घाबरून पट्टी जाड ठेवतात, मग खोड वाकवायला जोर लावतात, आणि ती तडकते. पट्टी तुटण्याची खरी कारणं तीन: जाड ठेवली, काप आखूड आणि आडवा घेतला, किंवा कडाक्याच्या गारठ्यात काम केलं. लाकूड गोठलेलं असताना ठिसूळ होतं. त्या दिवशी मेखा तासा.

मागे उरतो तो खुंटाचा उभा सुळका, टाच म्हणतात त्याला. ती करवतीने जमिनीलगत, बाहेर उतरती कापून टाका. सगळ्यांत जास्त विसरला जाणारा काप हाच, आणि सगळ्यांत महत्त्वाचाही. प्लीचर दहा-पंधरा वर्षांनी जाणारच आहे. उद्याचं हेज या टाचेच्या बुडातून उठणाऱ्या फुटव्यांचं असतं. टाच उंच राहिली तर फुटवे उंचावर येतात आणि बूड पुन्हा उघडं पडतं.

जागा भरण्यासाठी नको तेवढी खोडं घालू नका. गर्दी झाली की बुडाशी उजेड पोहोचत नाही. वाकडी, मेलेली, विरुद्ध दिशेला जाणारी खोडं सरळ जमिनीलगत कापून टाका.

१०. मेखा आणि बाइंडर

मेखा ४५ सेंमी अंतरावर, एका रेषेत. दहा मीटरला साधारण २२ मेखा आणि २५ बाइंडर धरा. मेख हाताने हलवून हलेना इतकी ठोका. दगड लागला तर मेख थोडी सरकवा, तिरकी ठोकू नका. एक मेख रेषेबाहेर गेली की पुढची वेणी लाटेसारखी दिसते.

बाइंडर दोन-दोन घेऊन दोरीसारखा पीळ देत मेखांच्या पुढून-मागून ओवायचे. नवा बाइंडर घालताना जाड बूड आत, बारीक टोक पुढच्या विणीत दडवायचं. सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर वेणी मोगरीने खाली ठोका, म्हणजे प्लीचर घट्ट दाबल्या जातात. शेवटी मेखांची डोकी वेणीच्या चार बोटं वर, तिरकी कापा. मेखा आणि बाइंडर तीन-चार वर्षांत कुजतील. कुजू द्या, तोवर हेज स्वतःच्या पायावर उभं असतं.

नवख्या माणसाचे दिवसाला पाच मीटर झाले तरी उत्तम समजा.

११. पुढची वर्षं

गुरं-मेंढ्या असतील तर हेजपासून किमान एक मीटरवर तारेचं कुंपण घालून तीन वर्षं दूर ठेवा. भगदाडांत नोव्हेंबर ते मार्चमध्ये उघड्या मुळांची ४० ते ६० सेंमीची रोपं लावा: हॉथॉर्न मुख्य, सोबत हेझल, फील्ड मेपल, डॉगवुड, स्पिंडल. दोन रांगांत, एकाआड एक, मीटरला पाच. पिशवीतून काढलेली रोपं वाऱ्यावर ठेवू नका. मुळं पंधरा-वीस मिनिटांतही सुकतात. गवत पहिली तीन वर्षं बुडाशी येऊ देऊ नका, रोपं मरतात ती बहुधा गवतानेच.

छाटणी दर दोन-तीन वर्षांनी, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा दहाएक सेंमी उंच. दरवर्षी त्याच उंचीवर यंत्र फिरवलं की माथ्यावर गाठी जमतात, बूड उघडं पडतं आणि मेंढरू आरपार जातं. हेज तीन-साडेतीन मीटरला पोहोचलं की छाटणी थांबवून पुढच्या लेइंगच्या मेखांसाठी हेझलचा कूप राखायला घ्या.